समक्ष

आमच्या शेजारचा मुलगा नोकरीसाठी दोहाला असतो. गेल्या वर्षी नवरात्रात तो चार दिवस घरी आला होता. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या आईच्या ओळखीच्या एक आजी जिना चढून, धापा टाकीत आल्या. हातात पत्र्याचा डबा होता.

"माझी भाची तिथंच असते रे. दिवाळीचं घरचं काही मिळत नाही तिला. चार चकल्या आणि थोडे बेसनाचे लाडू आहेत. एवढं नेशील ना?"

मी तेव्हा तिथेच बसलो होतो. मुलगा भला आहे. त्याने "नेतो की" म्हणून डबा घेतला. पण लगेच जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, आणि आजींच्या देखत तो डबा त्यावर रिकामा केला. एकेक चकली उचलून पाहिली. तळाचा कागद काढून उजेडात धरला. एक लाडू फोडला. मग सारे पुन्हा नीट भरून तो म्हणाला, "आजी, रागावू नका हं. तिकडचे नियम फार कडक आहेत."

आजी रागावल्या नाहीत. त्या नुसत्या गप्प झाल्या. फुटलेला लाडू तेवढा त्यांनी डब्यातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "हा राहू दे. फुटका कसा पाठवायचा?"

घरी आल्यावर ही हकीकत मी पत्नीला सांगितली. ती म्हणाली, "काय दिवस आले! लाडवावरसुद्धा संशय!"

मी काहीच बोललो नाही. त्या मुलाचे चुकले असे मला म्हणवेना. २०१९ मध्ये मुंबईचे एक नवविवाहित जोडपे कतारला गेले होते. जाताना नात्यातल्याच एका बाईने त्यांच्याजवळ एक पुडके दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्या पुडक्यात चरस निघाला. दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या तरुणीची मुलगी तुरुंगात जन्मली. पुढे आपल्याकडच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास करून त्या दोघांना फसवले गेल्याचे दाखवून दिले, तेव्हा २०२१ मध्ये ती सुटून घरी आली. "जाताजाता एवढं नेशील का?" या आपल्या अगदी घरगुती प्रश्नाला आता असे दात फुटले आहेत. मग त्या मुलाने लाडू फोडला म्हणून त्याला कोणत्या तोंडाने बोल लावावा?

पण मी गप्प राहिलो त्याचे खरे कारण वेगळे होते. त्या फुटक्या लाडवाने मला जवळजवळ तीस वर्षांपूर्वीच्या एका लक्ष्मीपूजनाची आठवण करून दिली होती. ती गोष्ट मी आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही. सांगण्यासारखे त्यात माझे काही नाही, हे त्याचे एक कारण.

ते वर्ष १९९४. मी तेव्हा शाळेत शिकवीत होतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लाह्या-बत्तासे आणि झेंडूची फुले घेऊन मी लगबगीने घरी चाललो होतो. स्टेशनाबाहेर गर्दी दिसली. एका हवालदाराने मला हटकले. "मास्तर, दोन मिनिटं पंच म्हणून येता का?" सुशिक्षित दिसणाऱ्या माणसाला पंच म्हणून बोलावतात, याचा मनातून थोडा अभिमानही वाटला. मनुष्यस्वभाव असा आहे.

पोलीस चौकीत एक विशी-बाविशीचा पोरगा भिंतीला टेकून बसला होता. समोर त्याची रेक्झिनची पिशवी होती. पिशवीत वर चुरमुरे आणि खाली तपकिरी कागदात गुंडाळलेली चार पुडकी. फौजदारांनी एक पुडके उलगडून दाखवले. काळपट, चिकट वड्या होत्या. एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, हे मी आजही शपथेवर सांगेन. पोरगा सारखे म्हणत होता, "साहेब, पिशवी माझी नाही. एकानं धरायला दिली होती."

आता वजन करायचे होते, आणि चौकीत काटा नव्हता. हवालदार समोरच्या वाण्याकडे गेला. पण त्या संध्याकाळी वाण्याचा तराजू हळदकुंकू लावून चोपड्यांशेजारी पूजेला मांडलेला! तो म्हणाला, "पूजा होऊ द्या, मग न्या." अर्धा तास गेला. माझ्या हातातली फुले कोमेजू लागली. घरी मुले वाट पाहत असतील, मुहूर्त टळेल, असे विचार येऊ लागले. माझी चुळबूळ पाहून फौजदार समजूतदारपणे म्हणाले, "मास्तर, सणाचा दिवस आहे. तुम्ही सही करून जा. काटा आला की आकडा भरून टाकतो."

पंचनामा लिहून तयार होता. वजनाची जागा तेवढी कोरी होती. पुडक्यांवर डकवायच्या कागदी चिठ्ठ्यांवरही मी सह्या केल्या. लाखेची कांडी आणि पितळी शिक्का टेबलावर नुसता पडून होता. मी घरी गेलो, वेळेवर पूजा केली, आणि लक्ष्मीपुढे हात जोडले.

१९९७ मध्ये मला कोर्टाचे समन्स आले. तोवर तो पोरगा कच्च्या कैदेतच होता, कारण या कायद्यात जामीन मिळणे फार कठीण. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना मी "होय, होय" अशी उत्तरे दिली. मग आरोपीचे वकील उठले. त्यांनी माझ्या हातात पंचनामा देऊन त्यातला एक शब्द मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला, "समक्ष." आम्हां पंचांसमक्ष वजन केले, आम्हां पंचांसमक्ष मोहोरबंद केले.

"मास्तर, हे तुमच्या समक्ष झालं?"

मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली होती. मी म्हणालो, "नाही."

खटल्यात इतरही उणिवा होत्या, पोरगा सुटला. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या आईने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मी पाय मागे घेतले. थोड्या अंतरावर ते फौजदार उभे होते. मला वाटले, रागाने काही बोलतील. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, माल खरा होता. तुम्ही आज खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी थोडा वेळ थांबला असतात, तर तेच खरं झालं असतं."

त्या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आजही नाही. तो पोरगा दोषी होता की निर्दोष, हे मला अजून ठाऊक नाही. दोषी असेल तर विष विकणारा एक माणूस माझ्यामुळे मोकळा सुटला. निर्दोष असेल तर जो पंचनामा पहिल्याच महिन्यात कोणाला तरी खटकायला हवा होता, तो माझ्या सहीच्या जोरावर तीन वर्षे उभा राहिला. दोन्ही पारड्यांत माझेच बत्तासे होते.

त्यानंतर मी हा कायदा मिळवून वाचला. त्याचे नाव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. वाचताना प्रथम भीती वाटली. साधारणपणे आरोपीचा दोष सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे मात्र माल ज्याच्या ताब्यात सापडला, त्याला तो जाणूनबुजून बाळगीत होता असेच न्यायालयाने धरून चालायचे, आणि तसे नाही हे त्याने दाखवायचे. २००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर 'अल्प', २५० ग्रॅमच्या वर गेले की 'व्यापारी', आणि मग दहा वर्षांच्या खाली शिक्षाच नाही. चरसाला हीच मर्यादा एक किलोची. म्हणजे माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे तराजूच्या काट्यावर लटकलेली. बरे, वजन कशाचे करायचे? पुडीत विष थोडे आणि भेसळच फार असेल तर? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, निव्वळ विषाचे. २०२० मध्ये मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवून सांगितले की भेसळीसकट साऱ्या मिश्रणाचे. न्यायमूर्तींनी ज्या आकड्यासाठी इतका खल करावा, तो मी कोरा सोडून आलो होतो!

पण पुढे वाचत गेलो तसा मला या कायद्याचा दुसरा चेहरा दिसू लागला. ज्याने हा इतका संशयी कायदा लिहिला, त्याने तो संशय आरोपीपाशीच थांबवलेला नाही. खबर मिळाली तर अधिकाऱ्याने ती आधी लिहून काढावी आणि वरिष्ठांना पाठवावी. अंगझडती घेण्यापूर्वी त्या माणसाला सांगावे, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. ठाण्यात माल आला की ठाणे अंमलदाराने त्यावर आपलीही मोहोर लावावी. ४८ तासांच्या आत सारा अहवाल वरिष्ठांकडे जावा. मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर व्हावेत. विनाकारण छळापोटी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे. आपण सामान्य माणसे या सगळ्याला 'कागदी घोडे' म्हणतो. मला तो कबुलीजबाब वाटतो. इथे राज्यसत्ता स्वतःच्या तोंडाने कबूल करते, की माझा माणूसही मोहात पडू शकेल, थकू शकेल, त्यालाही सणाच्या दिवशी घरी जायची घाई होईल. तेव्हा माझ्यावरही डोळा ठेवा.

पकडलेल्या मालाची गोष्ट निघाली की मला चीनमधला लिन त्सेशू आठवतो. १८३९ मध्ये बादशहाने त्याला कँटनला पाठवले. इंग्रज व्यापाऱ्यांकडून त्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली. त्यात आमच्या मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती. ती कमाई या शहराच्या जुन्या वैभवात मुरलेली आहे, हे दिवाळीच्या दिवसांतही विसरू नये. एवढी अफू त्याने समुद्रकाठी मोठे चर खणून, त्यात पाणी, मीठ आणि चुना घालून विरघळवली आणि समुद्रात सोडून दिली. या कामाला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. हे त्याने आडोशाला केले नाही. लोकांना ते पाहता आले, परदेशी पाहुण्यांनाही पाहता आले. काम करणाऱ्या मजुरांची झडती होत असे. आणि हे सुरू करण्यापूर्वी, आपण पाण्यात विष सोडतो आहोत म्हणून त्याने समुद्रदेवतेची क्षमा मागितली. पुढे युद्ध झाले आणि चीन हरला, तो इतिहास निराळा. पण 'मी पकडणारा, म्हणून मी निर्दोष' असे न म्हणणारा हा अधिकारी मला फार मोठा वाटतो.

आता मालाचे प्रमाण पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दोन कंटेनर उघडले. कागदावर अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेली शंखजिऱ्याची भुकटी होती. आत जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन निघाले. २०२२ मध्ये आपल्या न्हावाशेवा बंदरात ज्येष्ठमधाचा कंटेनर पकडला गेला. त्या कांड्यांवर हेरॉइनचा लेप होता. खोकला झाला की आजी जी कांडी चघळायला देत असे, तीच! अशा बातम्या वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पान उलटतो. पण खरा अवघड भाग तिथून पुढे सुरू होतो. तीन हजार किलो म्हणजे त्या अडीचशे ग्रॅमच्या जवळजवळ बारा हजार पट. त्यातले पाव किलो कोणी काढून त्या जागी पाव किलो शंखजिरेच घातले, तर कोणाच्या ध्यानात येणार? ही माझी कल्पना नव्हे. पकडलेला माल कोठारांत वर्षानुवर्षे पडून राहतो, चोरीला जातो, बदलला जातो आणि पुन्हा बाजारात येतो, ही चिंता २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच व्यक्त केली, आणि नमुने दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढून मालाची वेळीच विल्हेवाट लावण्याचे बजावले. २०२२ मध्ये त्यासाठी नवे नियमही झाले. रक्षकाच्या कोठारातून विष बाहेर पडले तर ते चोराच्या पिशवीतल्या विषापेक्षा अधिक वाईट, कारण त्यावर मोहोर असते.

याहून कठीण प्रसंग एक आहे. समजा, परदेशाहून आलेल्या टपालाच्या पार्सलात कस्टम्सला हेरॉइन सापडले. ते तिथेच जप्त केले तर माल हाती लागतो, पण मालक निसटतो. म्हणून पार्सल पूर्ववत बांधून पुढे जाऊ द्यायचे, दुरून पाळत ठेवायची, आणि घेणारा हात पुढे आला की तो धरायचा. आत खरा माल ठेवावा किंवा तो काढून दुसरेच काही भरावे. १९८८ च्या व्हिएन्ना करारात राष्ट्रांनी ही रीत मान्य केली, आणि २००१ मध्ये ती आपल्या कायद्यात आली. नुसता पोस्टमन पकडून काय मिळणार, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. हमालाला दहा वर्षे आणि शेठजी मोकळे, हा अन्याय कोणाला सलत नाही?

तरीही मन अडखळते. विष आहे हे ठाऊक असून सरकारने ते रस्त्यावरून जाऊ द्यावे? निरोप्याचे सोंग घेऊन कोणाच्या दाराची कडी वाजवावी? आणि दार कोण उघडील? आपण रोज शेजाऱ्यांची पार्सले घेतो, त्यांच्या वतीने सही करतो. ती सही म्हणजे ताबा, आणि ताबा म्हणजे काय ते वर सांगितलेच आहे. या कामी कायद्याने अनुमतीचा अधिकार अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या प्रमुखाला, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे, वाटेल त्या शिपायाला नव्हे. हे शहाणपणाचे आहे. कारण ज्या वाटेवर पंच नाहीत, त्या वाटेवर कागद अधिक खरा हवा: माल कोणी बदलला, किती बदलला, नजर कोणाची होती, केव्हा चुकली. सोंग घेण्याची मुभा हवी असेल, तर निदान आपल्या वहीशी तरी खोटे बोलू नये.

इथे फौजदारांची बाजू मांडली नाही तर मी पुन्हा एकदा अर्धवट साक्ष दिल्यासारखे होईल. रात्रीबेरात्री जीव धोक्यात घालून माल पकडायचा, आणि एका चिठ्ठीवरच्या मोहोरेसाठी आरोपी सुटलेला पाहायचा! ज्या आईचा मुलगा या व्यसनाने गेला, तिला 'कागदात चूक होती' हे कोणी समजावून सांगावे? मला तरी ते जमणार नाही. पण त्या आईला मी एवढे सांगू शकेन, की बाई, चूक कागदाची नव्हती, माणसाची होती. फौजदाराने वाट पाहायला हवी होती, आणि पंचाने बसून राहायला हवे होते. नियम सैल केला असता तर तुमच्या मुलाचा मारेकरी कदाचित अडकला असता. पण त्याच सैल दोरीत उद्या पिशवी धरायला घेतलेला एखादा पोरगाही अडकला असता, आणि त्यालाही आई असते.

संशय घेऊ नये असे मला म्हणता येत नाही. जग तसे राहिलेले नाही, आणि बहुधा कधीच नव्हते. मात्र ज्याने संशय घ्यायचा, त्याने तो समोरच्याच्या देखत घ्यावा, आणि आपले हातही त्याच्या पुढे उघडे ठेवावेत. शेजारच्या मुलाने डबा आतल्या खोलीत नेऊन चाचपला नाही. आजींच्या समोर कागद पसरला, हे त्याचे केवढे मोठेपण, ते मला उशिरा कळले. चोरून पाहिला असता तर तो अपमान झाला असता.

परवा तो पुन्हा चार दिवसांसाठी घरी आला. आजीही आल्या. या खेपेस त्यांनी फराळ भरून आणलाच नव्हता. एका ताटात चकल्या, एका ताटात लाडू, आणि रिकामा डबा वेगळा. "तूच भर रे बाबा, म्हणजे तुला लाडू फोडावा लागणार नाही," असे म्हणून त्या हसल्या. मग मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीपण बसा."

मी बसलो. चहा आला, फोन दोनदा वाजला, पत्नीने जिन्यातून हाक मारली. डब्याचे झाकण घट्ट लागेपर्यंत मी उठलो नाही.